सिरोंचा मतदारसंघ नकाशावरून गेला, तो का आणि कसा?

सिरोंचा नावाचा विधानसभा मतदारसंघ आता नाही. २००४ ची निवडणूक या नावाने झालेली शेवटची. २००८ च्या पुनर्रचनेत तो 'अहेरी' झाला आणि २००९ पासून आपण अहेरी मतदारसंघात मत देतो. नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. पण या नावामागे दीडशे वर्षांचा हिशेब आहे.

१८६० साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला आणि अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला. त्याचे मुख्य ठिकाण सिरोंचा. म्हणजे आज जिथून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर पडते, तिथे एकेकाळी जिल्ह्याची कचेरी होती! १८७४ मध्ये जिल्हा मोडला, सिरोंचा चांद्याला जोडली गेली आणि उरली फक्त तहसील. ही तहसील मात्र अवाढव्य होती. अहेरीची जमीनदारीही तिच्यातच येत असे. त्यामुळे पुढे दक्षिणेच्या सगळ्या जंगलपट्टीचा मतदारसंघ सिरोंचाच्या नावाने ओळखला गेला. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी नाव तेच राहिले.

आमदार मात्र बहुतेक अहेरीकडचे, हेही सांगितले पाहिजे. १९९० ला धर्मरावबाबा आत्राम सिरोंचातूनच निवडून आले आणि १९९१ मध्ये नक्षलवाद्यांनी त्यांचे अपहरण केले होते. त्या वेळी आमदारकीचा अर्थ काय होता, हे यावरून कळावे. तेव्हा सिरोंचाचे नाव होते म्हणून सिरोंचाची सत्ता होती, असे मी म्हणणार नाही.

मग नुकसान काय? आज अहेरी मतदारसंघात अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड आणि मुलचेरा असे पाच तालुके आहेत. भामरागडच्या माडिया शेतकऱ्याचे दुखणे वेगळे आणि सिरोंचाच्या धान, कापूस, मिरची पिकवणाऱ्याचे वेगळे. आमचा शेतकरी घरात तेलुगू बोलतो आणि मिरची घेऊन नदीपलीकडे जातो. गोदावरीवर तेलंगणाचे मेडिगड्डा धरण २०१९ मध्ये सुरू झाले. त्याच्या फुगवट्याचे आणि सोडलेल्या पाण्याचे दुखणे फक्त नदीकाठच्या गावांना आले, २०२२ च्या जुलैच्या पुरात तर पीक आणि जमीन दोन्ही गेले. अशी मागणी पाच तालुक्यांच्या गर्दीत टोकाला पडते. बांधावर उभे राहून माती वाहून गेलेली पाहिली की कागदावरच्या सीमा किती महत्त्वाच्या, ते पटते.

आता पुढचे ऐका. ८४ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरलेली आहे. मतदारसंघ लोकसंख्येवर बेततात, आणि इथेच आपली अडचण. २०११ ला गडचिरोली जिल्ह्यात १०,७२,९४२ माणसे होती. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे दर चौरस किलोमीटरला ७४. राज्याची सरासरी ३६५. माणसे कमी, जंगल जास्त, म्हणून मतदारसंघ लांबत जातो. आज जिल्ह्यात आरमोरी, गडचिरोली, अहेरी या तीन जागा आहेत, तिन्ही अनुसूचित जमातीसाठी राखीव. बाजूच्या चंद्रपूर जिल्ह्यातही मागच्या वेळी सावली आणि भद्रावती ही नावे गेली, बल्लारपूर आणि वरोरा आली.

२००२ चा पुनर्रचना कायदा म्हणतो, सीमा आखताना लोकसंख्येबरोबर भूगोल, दळणवळण आणि जनतेची सोयही पाहावी. आराखडा राजपत्रात येतो, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी होते. मागच्या वेळीही हीच पद्धत होती. सरपंच आणि ग्रामसेवकांनी गावापासून तहसिलीचे अंतर, पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते आणि बुडालेल्या जमिनीचे गट नंबर आतापासून ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून ठेवावेत. प्रगणक आला तर पाड्यावरचे एकही घर सुटू देऊ नये, कामाला तेलंगणात गेलेल्यांची चौकशीही करून ठेवावी.