‘साठी’ची रेषा आणि वार्धक्याचे मोजमाप

नवी दिल्ली : केंद्र सरकारचा कर्मचारी वयाच्या ६०व्या वर्षी निवृत्त होतो, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२व्या, तर केंद्रीय विद्यापीठातील प्राध्यापक आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६५व्या वर्षी. संसदेच्या सदस्यत्वाला कमाल वयोमर्यादाच नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीची मर्यादाही १९९८ पर्यंत ५८ वर्षे होती. एकाच राजधानीत वार्धक्याच्या इतक्या निरनिराळ्या रेषा असतील, तर त्या निसर्गाने नव्हे, प्रशासनाने आखल्या आहेत हे उघड आहे. तरीही ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण घराघरांत शास्त्रसिद्ध सत्यासारखी वापरली जाते.

वयावरून माणसाची पात्रता ठरवण्याच्या या वृत्तीला, म्हणजेच वयभेदाला, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये स्वतंत्र संज्ञा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्च २०२१ मधील अहवालानुसार, जगातील दर दोन व्यक्तींपैकी एकीच्या मनात वृद्धांविषयी असा पूर्वग्रह आढळतो. हा पूर्वग्रह केवळ समाजातच असतो असे नाही. सावधगिरी बाळगली नाही तर तो संशोधनाच्या पद्धतीतूनही शिरकाव करतो.

आज ३० वर्षांच्या आणि ७५ वर्षांच्या व्यक्तींना एकच चाचणी देऊन त्यांच्या गुणांची तुलना केली, तर ज्येष्ठ मागे पडलेले दिसण्याची शक्यता मोठी असते. मात्र हा फरक वयाचा की पिढीचा, हे अशा तुलनेतून कळत नाही. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. २०११ मध्ये ती ७४ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. आजच्या अनेक ज्येष्ठांच्या वाट्याला शाळाच आली नाही. बालपणातील ही वंचितता वार्धक्याच्या खात्यावर मांडली जाण्याचा धोका येथे असतो.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील बल्लभगड येथे संशोधकांना या अडचणीचा प्रत्यक्ष सामना करावा लागला. हरियाणातील फरिदाबाद जिल्ह्याच्या या भागात १९९० च्या दशकात भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात ग्रामीण ज्येष्ठांमधील स्मृतिभ्रंशाची पाहणी झाली. त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. प्रचलित ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ या चाचणीत शंभरातून सात-सात वजा करणे, वाक्य लिहिणे, लिहिलेली सूचना वाचून ती पाळणे असे प्रश्न असतात. कधीही लेखणी न धरलेल्या व्यक्तीची अशा चाचणीत स्मृती नव्हे, शाळाच तपासली जाते. म्हणून तिची हिंदी आवृत्ती घडवण्यात आली. आठवड्याचे वार उलट्या क्रमाने सांगणे, समोरच्याची कृती पाहून तशीच करून दाखवणे असे प्रश्न त्यात आले. मोजपट्टी बदलली, तेव्हा अक्षरओळख नसणे आणि आजार यांतील अंतर दिसू लागले.

दुसरा उपाय म्हणजे त्याच व्यक्तींकडे वर्षानुवर्षे परत जाणे. ‘लासी’ या नावाने ओळखला जाणारा भारतातील दीर्घकालीन वार्धक्य अभ्यास याच तत्त्वावर उभा आहे. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या सहकार्यातून २०१७-१८ मध्ये त्याची पहिली फेरी झाली. ४५ वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार अशा ७२,२५० जणांची माहिती तीत नोंदवली गेली. अहवाल ६ जानेवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. अभ्यास साठीपासून नव्हे, पंचेचाळिशीपासून सुरू होतो, ही बाब महत्त्वाची आहे. रक्तदाब, मधुमेह, रोजगार आणि एकटेपणा यांचे परिणाम साठीत दिसत असले, तरी त्यांची सुरुवात बरीच आधी झालेली असते.

याच अभ्यासाला जोडून, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सहभागाने, स्मृतिभ्रंशाची सखोल तपासणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनुमानानुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना, हा विकार आहे. आकडा मोठा आहे आणि उपचारव्यवस्थेपुढील आव्हानही तितकेच मोठे आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की साठी ओलांडलेल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश नाही. शिवाय त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. शिक्षण आणि आरोग्यसेवेतील जुनी विषमताच येथे म्हातारपणी पुन्हा समोर येते.

धोरणकर्त्यांसाठी यातून निघणारा निष्कर्ष वयाची प्रत्येक रेषा पुसून टाकण्याचा नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण मिळू लागले. येथे वयाची रेषा हक्क देते. याउलट, आरोग्य विमा घेण्यासाठीची ६५ वर्षांची मर्यादा विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून काढली. तेथे तीच रेषा लोकांना वगळत होती. रेषा कोणासाठी आणि कोणत्या पुराव्यावर आखली, हा खरा प्रश्न आहे.

२०११ मध्ये देशात १०.३ कोटी ज्येष्ठ होते; २०५० पर्यंत ही संख्या ३१.९ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. त्या वेळचे ज्येष्ठ आज पस्तिशी-चाळिशीत आहेत आणि आजच्या ज्येष्ठांपेक्षा त्यांचे शिक्षण अधिक आहे. एकाच फेरीच्या आकड्यांवरून त्यांच्या वार्धक्याचे चित्र रंगवता येणार नाही. पहिल्या फेरीत भेटलेल्या माणसांच्या दारी सातत्याने परत जाण्याला म्हणूनच आकडेवारीपलीकडचे महत्त्व आहे. तसे झाले नाही, तर धोरणाच्या हाती पुराव्याऐवजी म्हणच उरेल.