दाराआडची शुश्रूषा

एलिझाबेथ वेटलॉफर हे नाव कॅनडात आजही अंगावर काटा आणते. ओंटारिओ प्रांतातील या परिचारिकेने २००७ ते २०१४ या काळात वृद्धसेवा केंद्रांतील आठ जणांना इन्शुलिन टोचून ठार मारले. औषधांतील चुकांवरून २०१४ मध्ये एका केंद्राने तिला काढून टाकले, तरी पुढची नोकरी तिला मिळालीच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ती रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याच्या कामावर होती आणि त्या महिन्यात तिने एका महिलेवर त्या महिलेच्याच राहत्या घरात तोच प्रयोग केला. ती महिला सुदैवाने वाचली. पुढच्याच महिन्यात वेटलॉफरने स्वतःहून तोंड उघडले. न्या. आयलीन गिलीज यांच्या चौकशी आयोगाने २०१९ च्या अहवालात ९१ शिफारशी केल्या. त्याहून झोंबणारा होता तो आयोगाचा निष्कर्ष: तिने कबुली दिली नसती, तर हे गुन्हे उघडकीस आलेच नसते.

असे नराधम अपवादानेच निपजतात, हे खरे. पण हा निष्कर्ष अपवादाला नव्हे, व्यवस्थेला लागू आहे. जिथे नोंदवह्या आहेत, डॉक्टर येतात-जातात, शेजारच्या खाटेवर दुसरा माणूस आहे, तिथेही नऊ-नऊ वर्षे कुणाला पत्ता लागला नाही. मग एकट्या राहणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात दार लोटल्यावर काय चालते, हे कोण पाहणार? कॅनडातील प्रौढांच्या गृहसेवेपुढचा मुख्य प्रश्न हा आहे आणि तो केवळ कॅनडाचा नाही.

माणसाने शेवटची वर्षे आपल्या घरात, आपल्या माणसांत काढावीत, या धोरणाबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत कॅनडातील मृतांपैकी ८० टक्क्यांहून अधिक वृद्धसेवा केंद्रांतले होते. त्यानंतर ‘काही झाले तरी घरीच’ ही भावना बळावली तर नवल नाही. नव्याने केंद्रात दाखल होणाऱ्या दर नऊ जणांपैकी एकाला पुरेशी मदत मिळाल्यास घरी राहता आले असते, असे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य माहिती संस्थेनेच मांडले आहे. सरकारलाही ते सोयीचे, कारण रुग्णालयातील खाटेपेक्षा घरातील खाट स्वस्त. केंद्र सरकारने २०१७ मध्ये दहा वर्षांसाठी सहा अब्ज डॉलर गृहसेवेकडे वळवले, ते उगाच नव्हे.

पैसा वळला, कायदा मात्र जिथल्या तिथे राहिला. ज्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा कॅनडाला अभिमान आहे, तिचा आधार असलेला १९८४ चा कायदा रुग्णालय आणि डॉक्टर यांच्यापुरताच हक्क देतो. गृहसेवा त्या हमीच्या बाहेर. रॉय रोमॅनो यांच्या आयोगाने २००२ मध्ये ती आत घ्यावी, निदान रुग्णालयातून परतलेल्या, मनोरुग्ण आणि अखेरच्या टप्प्यातील रुग्णांपासून सुरुवात करावी, असे सुचवले. दोन दशके उलटून गेली, शिफारस कागदावरच आहे. परिणामी प्रांत तितक्या प्रकृती. मॅनिटोबाने १९७४ मध्येच प्रांतभर सरकारी गृहसेवा सुरू केली. १९९६ मध्ये तिचे खासगीकरण होऊ घातले, तेव्हा सेविकांनी सुमारे पाच आठवडे संप करून सरकारला माघार घ्यायला लावली. ब्रिटिश कोलंबियाने मधल्या काळात कंत्राटे दिली, पण २०१९ मध्ये व्हँकूवर परिसरातील सेवा पुन्हा सरकारी आरोग्य प्राधिकरणांकडे आणण्याचे जाहीर केले. ओंटारिओ नेमके उलट्या दिशेने गेले.

माइक हॅरिस सरकारने नव्वदच्या दशकात ओंटारिओत निविदांचा खेळ मांडला. सरकारी कार्यालयाने रुग्णाची गरज ठरवायची, सर्वांत परवडणाऱ्या कंपनीने माणूस पाठवायचा आणि पैसे तास किंवा भेटींच्या हिशेबाने मोजायचे. हॅमिल्टन शहरात शतकभर घरोघरी जाणाऱ्या ‘व्हिक्टोरियन ऑर्डर ऑफ नर्सेस’ या संस्थेलाच २००८ च्या सुमारास निविदेच्या पहिल्या फेरीत बाद ठरवले गेले. तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि सरकारला ती प्रक्रिया थांबवावी लागली. पण रचना तीच राहिली, पाट्या तेवढ्या बदलल्या. आधी सामुदायिक सेवा केंद्रे, २०१७ मध्ये ती स्थानिक आरोग्य मंडळांत विलीन, २०२१ मध्ये आणखी नवे नाव आणि जून २०२४ पासून चौदा संस्थांची मिळून ‘ओंटारिओ हेल्थ ॲटहोम’. त्याच वर्षी शरद ऋतूत नवी पुरवठा कंत्राटे लागू होताच घरी असलेल्या रुग्णांपर्यंत सिरिंज, कॅथेटर, जखमेच्या पट्ट्या पोहोचेनात. मरणपंथाला लागलेल्या रुग्णांचे नातेवाईक वेदनाशामकाच्या साहित्यासाठी दुकाने पालथी घालत होते. सरकारने दिलगिरी व्यक्त केली, पदरमोड भरून देण्याचे आश्वासनही दिले. पण कंत्राट देताना साठा तपासला कोणी, या प्रश्नावर टोलवाटोलवीच झाली. सरकार ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार कंत्राटातील कलमाकडे आणि दारात उभ्या असलेल्या सेविकेच्या हाती काहीच नसते.

या सेविकेला तिकडे पर्सनल सपोर्ट वर्कर, बोलीत पीएसडब्ल्यू म्हणतात. तिची सकाळ जवळून पाहावी. ब्रॅम्प्टनमधल्या एखाद्या घरी ती बर्फातून बसने पोहोचते. दाराशी फोनवर वेळ नोंदवते आणि पाऊण तासात अर्धांगाने लुळ्या पडलेल्या आजोबांना उठवणे, आंघोळ, डायपर, कपडे, न्याहारी एवढे उरकते. आजोबा न्हाणीत पाच मिनिटे जास्त रेंगाळले की पुढच्या घरी उशीर होतो. दोन घरांमधला प्रवास पगारात पुरता धरला जाईलच असे नाही. रुग्णालयात तेच काम करणारीला तिच्याहून जास्त पैसे मिळतात. मग ती टिकत नाही, महिन्याला चेहरे बदलतात. आजोबांची कोणती बाजू दुखते, कोणती गोळी कशाबरोबर घेतात, हे प्रत्येक नवीला पुन्हा सांगायचे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तर तेही सांगता येत नाही. तो मराठी असेल तर नंतर शिकलेली इंग्रजी अनेकदा आधी विसरली जाते, मराठी तेवढी उरते आणि ती समोरच्या फिलिपिनी किंवा पंजाबी सेविकेला कळत नाही. फोनवरच्या नोंदीत मात्र भेट ‘पूर्ण’ असते.

गफलत इथेच आहे. जे विकत घेतले ते मोजले जाते आणि विकत घेतली ती वेळ. कॅनडात रुग्णाची अवस्था मोजण्याची प्रमाणित पद्धत आहे, जगात उत्तम मानली जावी अशी. पण सेविका वेळेवर आली का, तीच आली का, जखम चिघळली तेव्हा कुणी फोन उचलला का, याचा हिशेब लोकांसमोर येत नाही. तीन प्रांतांतील रुग्णांची कागदपत्रे तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात सुमारे १० टक्के रुग्णांना सेवेदरम्यान इजा झाल्याचे दिसले: पडणे, जखमेतील संसर्ग, औषधांचे घोटाळे. त्यातल्या निम्म्याहून अधिक इजा टाळता आल्या असत्या. तीही ज्यांची नोंद झाली तेवढ्यांचीच गोष्ट.

नोंद होत नाही, कारण तक्रार करायची कुणी? जिच्या हातून पाणी प्यायचे, तिच्याविरुद्ध तोंड उघडायचे आणि उद्या तिने येणेच बंद केले तर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ओंटारिओत २०१६ पासून रुग्णांसाठी स्वतंत्र लोकपाल आहे, पण तो बहुधा तक्रार आल्यावरच जागा होणार. गृहसेवा घेणाऱ्यांच्या हक्कांची सनद १९९४ च्या कायद्यात होती, नव्या रचनेत ती नियमावलीत गेली. कायदा बदलायचा तर विधिमंडळात जाब द्यावा लागतो, नियम बदलायला मंत्रिमंडळाची सही पुरते. पीएसडब्ल्यूंची नोंदणी डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, पण ऐच्छिक. जी चोख आहे ती नोंदवेल, जिच्याबद्दल शंका आहे ती का नोंदवेल? ब्रिटिश कोलंबियातही २०१२ मध्ये लोकपालांनी आणि २०१९ व २०२३ मध्ये ज्येष्ठांच्या सरकारी प्रतिनिधी इसोबेल मॅकेंझी यांनी गृहसेवेवर कोरडे ओढले. ओंटारिओ आणि अल्बर्टा ज्या सेवेला पैसे घेत नाहीत, तिथे हा प्रांत उत्पन्नानुसार शुल्क लावतो आणि कमी उत्पन्नाचे वृद्ध सेवाच नाकारतात, असे मॅकेंझी यांनी दाखवून दिले. जे सेवेतच नाहीत त्यांची देखरेख करण्याचा प्रश्नच मिटला!

देखरेख म्हणजे सेविकेच्या मागे लावलेला हवालदार नव्हे. ती करायची पैसे देणाऱ्याची आणि कंत्राट घेणाऱ्याची. चुकलेल्या आणि अर्धवट भेटी कंपनीगणिक दर तिमाहीला जाहीर कराव्यात. रुग्णांच्या घरी तिऱ्हाईत यंत्रणेने न सांगता फेरी मारावी. तक्रार केल्यावर सेवा तोडता येणार नाही, असे कायद्यातच लिहावे. नोंदणी सक्तीची करावी. प्रवासाचा वेळ पगारात धरावा आणि एका रुग्णामागे ठरावीक दोन-तीनच चेहरे असावेत, ही कंत्राटाची अट करावी. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सेवकांच्या वेतनासाठी पाच वर्षांत १.७ अब्ज डॉलर देऊ केले. तो पैसा अशा अटींना बांधला नाही, तर ठेकेदारांच्या ताळेबंदात जिरेल.

या साऱ्याशी मराठी वाचकाचा संबंध दुहेरी आहे. टोरांटो-मिसिसागात मुलांकडे राहणारे शेकडो आईवडील सुपर व्हिसावर आहेत. किमान एक लाख डॉलरचा खासगी विमा काढूनच त्यांना तिथे जाता येते. प्रांताची गृहसेवा त्यांच्यासाठी नाही. गरज पडली की ओळखीपाळखीतून बाई शोधायची, पैसे रोख द्यायचे, लेखी काही नाही. आणि ज्यांचे आईवडील पुण्यात, ठाण्यात, नागपुरात मागे राहिले, त्यांचा कारभार तर निव्वळ फोनवर चालतो. नर्सिंग ब्युरोला फोन करायचा, तो मावशी किंवा वॉर्डबॉय पाठवतो, महिन्याच्या पगारातला वाटा कापून घेतो. प्रशिक्षण झाले आहे का, पोलिस पडताळणी झाली आहे का, इन्शुलिन टोचायला ती पात्र आहे का, हे विचारणारे सरकारी दालन नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दुरुस्ती करून घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी सक्तीची करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बारगळले. 

कॅनडाकडे पैसा आहे, लोकपाल आहेत, महालेखापाल आहेत, आयोगांचे जाडजूड अहवाल आहेत. तरी तिथे ही गत आहे. आपल्याकडे यातले काहीच घरच्या शुश्रूषेच्या वाट्याला येत नाही आणि ब्युरोंचा धंदा मात्र दर वर्षी वाढतो आहे. त्या बारगळलेल्या विधेयकाची वाट न पाहता महाराष्ट्र विधिमंडळाने ब्युरोंच्या नोंदणीचा, सेविकांच्या किमान प्रशिक्षणाचा आणि वेतनाचा कायदा येत्या अधिवेशनात करावा. वेटलॉफरने कबुली तरी दिली. प्रत्येक वेळी गुन्हेगारच सरकारच्या मदतीला धावून येईल, या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना दाराआड सोडता येत नाही.