बाटलीबंद आयुष्य

माझा भाचा पुण्याहून परभणीला येतो तेव्हा रिकाम्या हातानं कधी येत नाही. यावेळी पेढ्यांऐवजी त्यानं आयुष्य आणलं. ६० गोळ्या, बाटलीबंद.

"मामा, स्पर्मिडीन आहे हे. पेशी आतून साफ होतात. माणूस जास्त जगतो."

"कितीला?"

"किंमत कसली बघता! अडीच हजार."

मी जास्त जगावं असं कुणाला तरी वाटतं, याचा आनंद झाला. (पेन्शन माझ्या नावावर असल्यामुळं हिलाही वाटत असावं.) पण चष्मा लावून बाटली वाचली आणि डोकं तापलं. एका गोळीत १ मिलिग्रॅम, तेही गव्हाच्या अंकुरातून काढलेलं. अहो, हेच स्पर्मिडीन १०० ग्रॅम सोयाबीनच्या दाण्यांत १० मिलिग्रॅमच्या वर असतं! आणि सोयाबीन म्हणजे काय, हे परभणीच्या माणसाला पुण्यानं सांगावं? जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत खरिपात शिवारं त्यानं भरलेली असतात. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये, म्हणजे किलोला ४९ सुद्धा नाही. तेवढा मिळावा म्हणूनही शेतकऱ्यानं मोंढ्यात हात जोडायचे. तेल गिरणीवाला काढतो, पेंड कोंबड्या खातात, आणि आम्ही आयुष्य बाटलीतून विकत आणतो. त्या कोंबड्यांना चाळीसेक दिवसांत कापतात, ही गोष्ट वेगळी.

"मामा, जर्मनीत संशोधन झालंय यावर."

'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या गावाला जर्मनीचा धाक! मी नातीला शोधायला बसवलं. बर्लिनमध्ये १०० वयस्कर माणसं घेतली. निम्म्यांना साधारण एवढ्याच मात्रेची खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिखाऊ. वर्षभर दिली. २०२२ साली निकाल छापला : स्मरणशक्तीत काही फरक नाही. उलट इटलीतल्या ब्रुनेक गावी ८२९ माणसांचं खाणं नोंदवून त्यांच्यावर २० वर्षं लक्ष ठेवलं, तर ज्यांच्या जेवणात हे द्रव्य जास्त, त्यांच्यात मरण कमी दिसलं. आयुष्य त्यानंच वाढलं असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हे कबूल. पण ती माणसं जेवत होती हो, बाटली उघडत नव्हती!

"परवाना आहे की बाटलीवर," भाचा म्हणाला.

आहे. १४ आकडी आहे. पण तो धंदा करण्याचा परवाना, गोळी लागू पडल्याचा दाखला नव्हे. शेजारीच मुंगीच्या अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असंही छापलेलं. ते वाचायला भाच्याला चष्मा नाही, मला आहे.

मी काही गोळ्यांचा वैरी नाही. बी-१२ ची गोळी मी मुकाट्यानं घेतो. आम्ही माळकरी, ते आमच्या भाकरीत नाही, भाजीत नाही, आणि डॉक्टरांनी रक्त तपासून कमी असल्याचं दाखवलं. खड्डा दिसला, भर घातली. या बाटलीवाल्यांना खड्डा दाखवावा लागत नाही. मरणाची भीती पुरते.

रात्री भिजवलेलं सोयाबीन हिनं सकाळी कुकरला लावलं, चांगलं मऊ होईपर्यंत. कच्चं राहिलं तर पोट खवळतं. उसळ आणि ज्वारीची भाकरी. भाच्यानं दोनदा मागून घेतली.

निघताना पिशवी पुढं करून म्हणाला, "मामा, दोन किलो सोयाबीन द्या ना. काय भाव?"

"अडीच हजार," मी म्हणालो. "किंमत कसली बघतोस!"