"आजी येली" आणि प्रगतीपुस्तक

वीकेंडला चार नवे आईबाप एकत्र जमले की हल्ली गप्पांचा विषय ठरलेला. कोणाचं पोर शाळेत जायला लागल्यापासून काय काय बोलायला लागलं! "आमच्याला सगळे कलर्स येतात", "आमचीला पंधरा राइम्स पाठ आहेत"... अगदी स्प्रिंट रिव्ह्यू चालू असल्यासारखं.

आमची कन्या साडेतीन वर्षांची. तिचं स्टेटस विचाराल तर ती सध्या "मी चित्र करलं" आणि "आजी येली" असं बोलते. पाहुणे हसतात. पण माझ्या मते शाळेत जायला लागल्यापासूनची तिची ही सगळ्यात मोठी प्रगती आहे.

कशी? अहो, "येली" असं आमच्या घरात कोणीच म्हणत नाही. म्हणजे तिने ते ऐकून उचललेलं नाही. बसली, पडली, हसली हे ऐकून तिने स्वतःच एक नियम काढला आणि तो "ये"ला लावून टाकला. राइम पाठ करायला स्मरणशक्ती पुरते, इथे व्याकरण तयार झालंय! १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याचं नाव 'वग' असं सांगितलं. मग दोन प्राणी दाखवल्यावर बहुतेक मुलं बरोबर 'वग्ज' म्हणाली. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता.

आता दुसरा मुद्दा. बऱ्याच इंग्रजी शाळा पालकांना सांगतात, "घरीही इंग्लिशच बोला, नाहीतर मूल कन्फ्यूज होतं." हे मला अजिबात पटत नाही. दोन भाषा कानावर पडल्यामुळे बोलणं मागे पडतं असं संशोधन सांगत नाही. पोरगी म्हणते, "टीचरने मला स्टार दिला." शब्द इंग्रजी, पण 'ने' प्रत्यय आणि 'दिला' हे पुल्लिंगी रूप अस्सल मराठी. यात गोंधळ कुठाय? आपणही "मीटिंग शेड्यूल केली" म्हणतोच की!

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्यापैकी अनेकांचं घरगुती इंग्लिश म्हणजे कम, सिट, ईट, फिनिश. त्यात ना रुसवा मावतो, ना थापा, ना गोष्ट. आणि घरात फक्त इंग्लिश असा नियम केला की सगळ्यात आधी गप्प होते ती आजी. दिवसभर मुलाशी सर्वात जास्त बोलणारं माणूसच आपण म्यूट करतो. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते मुलांच्या अंगणात जाऊन. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हणतं. शाळा इंग्रजी निवडली असेल तर ठीक आहे, पण निदान घर तरी मराठी राहू द्या ना!

मात्र याचा अर्थ "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात" म्हणत निवांत बसा असा नाही. दोन वर्षांचं मूल "पाणी दे" अशी दोन शब्दांची जोडही करत नसेल, तिसऱ्या वर्षानंतर परक्या माणसाला त्याचं बरंचसं बोलणं कळत नसेल, किंवा येणारे शब्दच बंद झाले असतील, तर आधी कान तपासून घ्या. "शाळेत घातलं की बोलेल" हा काही उपचार नव्हे. ज्याला नीट ऐकूच येत नाही, त्याला वीस पोरांच्या गोंगाटात आणखीच कमी कळणार. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी १९८३ पासून आहे. तपासणीत काही निघालं नाही तर उत्तमच. पण निघालं, तर गेलेले महिने परत मिळत नाहीत.

बाकीच्यांनी एवढंच करावं. संध्याकाळी "आज काय शिकवलं?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "काही नाही" असंच येतं. "आज कोण रडलं?" असं विचारा. मग बघा, पंधरा मिनिटांची स्टोरी येते की नाही! त्यात 'करलं' आलं तरी लगेच टोकू नका. "हो का? तू केलंस?" असं सहज म्हणून पुढे चला. काही दिवसांनी 'येली' आपोआप जाईल आणि 'आली' येईल.

तोवर ऐकून घ्या. नंतर ऐकायला मिळणार नाही.