गरोदर बाईला धाक नको, डॉक्टर हवा

परवाच्या डोहाळजेवणात ओटी भरून झाली, पानं वाढली आणि विषय निघाला गरोदरपणात दारू पिणाऱ्या बायकांचा. "अशांना सरकारने सरळ डांबून ठेवावं," एक काकू म्हणाल्या. बहुतेकींनी माना डोलावल्या. मला राग आला. पंगतीत वाद वाढवायचा नव्हता, म्हणून इथे लिहिते आहे.

काकू, आपल्या विस्कॉन्सिनमध्ये 1998 सालापासून तसा कायदा आहे. गरोदर बाई दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या पार आहारी गेली आहे असं वाटलं, तर न्यायालय तिला ताब्यात घेऊ शकतं, सक्तीने उपचारांना धाडू शकतं. गर्भाची बाजू मांडायला वेगळा वकीलही नेमतात.

दारू गर्भाला घातक आहे, यात वादच नाही. सुरक्षित म्हणावा असा एकही घोट वैद्यकशास्त्राला माहीत नाही. पण दिवस गेल्याचं कळण्याआधी पार्टीत वाइन घेतलेली बाई हे डॉक्टरांना सांगेल, की लपवेल?

2014 साली इथलीच एक गरोदर स्त्री थायरॉइड आणि नैराश्याच्या उपचारांसाठी रुग्णालयात गेली. आधीच्या व्यसनाची माहिती बाहेर गेली, खटला उभा राहिला आणि तिला 18 दिवस तुरुंगात काढावे लागले. तिने कायद्यालाच आव्हान दिलं आणि 2017 मध्ये न्यायाधीशांनी तो संदिग्ध म्हणून घटनाबाह्य ठरवला. पण ती राज्य सोडून गेल्यामुळे तिचा दावाच निरर्थक झाला, असं म्हणत वरच्या न्यायालयाने 2018 मध्ये तो निकाल रद्द केला. कायदा तसाच राहिला.

आमच्या सासऱ्यांना मधुमेह निघाला तेव्हा घरभर पहारा बसला. ते चोरून पेढे खाऊ लागले आणि डॉक्टरांशी खोटं बोलू लागले. पहारा उठला तेव्हा कुठे साखर आटोक्यात आली. इथे तर पहाऱ्यामागे पोलीस उभे आहेत.

गरोदर बाईच्या नवऱ्याच्या हातातल्या ग्लासाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. व्यसनमुक्ती केंद्रात गरोदर बाईला जागा मिळते का, हेही कुणी विचारत नाही.

उपदेश जास्त झाला असेल तर माफ करा. काकूंची कळकळ बाळासाठीच होती, हे मला कळतं. पण बाळ वाचवायचं तर त्याच्या आईला दवाखान्याची भीती वाटता कामा नये. आपल्यापैकी जे इथले मतदार आहेत, त्यांनी आपल्या आमदाराला हा कायदा रद्द करा म्हणून पत्र लिहावं.