चाळीस रुपयांचं रबर

गेल्या महिन्यात शुक्रवारी रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून पाचोऱ्याला गेलो. चार-पाच महिन्यांनी घरी जात होतो. सकाळी उतरलो, घरी पोचलो, बाथरूममध्ये शिरलो, फ्लशचं बटण दाबलं... आणि काहीच झालं नाही. खाली वाकून पाहिलं तर अँगल कॉक घट्ट बंद, आणि कमोडशेजारी अर्धी भरलेली निळी बादली.

बाहेर येऊन आईला विचारलं, "फ्लश बंद का करून ठेवलाय?"

"अरे, आतल्या आत गळतं ते. वरची टाकी रिकामी होते."

"कधीपासून?"

आईनं नानांकडे पाहिलं. नानांनी पेपर थोडा वर धरला. मग पेपरच्या मागूनच उत्तर आलं, "दिवाळीपासून असंल."

दिवाळीपासून! म्हणजे चार महिने. या चार महिन्यांत मी आठवड्यातून दोनदा फोन केला होता. मधे एकदा व्हिडिओ कॉलवर नवीन टाइल्ससुद्धा बघितल्या होत्या.

तर मंडळी, या बाथरूमचा थोडा इतिहास सांगायला हवा. मागच्या वर्षी नानांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून मी जुनं भारतीय पद्धतीचं भांडं काढून कमोड बसवून दिला. पुण्यात बसून ऑर्डर, पुण्यात बसून पेमेंट. बटणवाली ड्युएल फ्लश टाकी, झाकण कुठून उघडतं हे पटकन कळूही नये इतकी गुळगुळीत. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. आणि ज्या गुडघ्यांसाठी हे सगळं केलं, त्याच गुडघ्यांवर नाना चार महिने बादली उचलत होते.

"मला सांगायचं ना!"

"कसाले तुले तरास?" इति नाना.

आता ही गळती दिसते कशी? खरं तर दिसतच नाही, हाच तर घोळ आहे. नळ गळला की टपटप ऐकू येते, माणूस वैतागून उठतो. फ्लशच्या टाकीचं सील गेलं की पाणी भांड्याच्या आतल्या बाजूनं इतक्या पातळ पदरात उतरतं की उजेडाशिवाय कळत नाही. टाकीत पातळी थोडी उतरली की बॉल कॉक उघडतो, भर घालतो, गप्प बसतो. आमच्या धंद्यात याला मेमरी लीक म्हणतात. प्रोग्रॅम चालू असतो, युजर खूश असतो, आणि एके दिवशी सर्व्हर धाडकन बसतो.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे वर्षभर चाललं तरी माझ्या लक्षात आलं नसतं. पाचोऱ्यात येतं, कारण आमच्या घरी नळ रोज येत नाही. आला की वरची हजार लिटरची टाकी भरायची आणि पुढचे पाच दिवस तेवढ्यावर काढायचे. उन्हाळ्यात त्याहून जास्त.

मी हिशोब करायला बसलो (सवय!). अँगल कॉक उघडून टाकी भरू दिली, पुन्हा बंद केला, आतून पेन्सिलनं रेघ मारली. अर्ध्या तासात पाणी तीन सेंटिमीटर उतरलं. टाकी आतून साधारण ४० बाय १५ सेंटिमीटर. म्हणजे अर्ध्या तासात १.८ लिटर, दिवसाला ८६ लिटर. पाच दिवसांत चारशे लिटरच्या वर. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या एका माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. आमच्या घरात एक अदृश्य पाहुणा रोज दीड माणसाचं पाणी पीत होता. आईनं कॉक बंद केला, हेच बरोबर होतं.

दोष कुठे आहे ते शोधायची युक्ती सोपी आहे. टाकीत चिमूटभर हळद टाकायची आणि वीस-तीस मिनिटं फ्लश करायचा नाही. भांड्यात पिवळं पाणी उतरलं, पण टाकीतली पातळी ओव्हरफ्लोच्या नळीपर्यंत पोचलेली नसेल, तर खालचं सील गेलं. पाणी त्या नळीच्या तोंडातून वाहत असेल, तर दोष भरणाऱ्या बॉल कॉकचा. आमच्याकडे पिवळं पाणी उतरलं, पातळी खाली होती. म्हणजे सील.

यानंतर मी झाकण शोधायला लागलो आणि तेव्हा नाना उठून आले. एक सांगायचं राहिलं. नाना रेल्वेत फिटर होते. भुसावळला रोज अप-डाऊन केलं, आयुष्यभर इंजिनं उघडली आणि मिटवली. घरचा मिक्सर, पंखा, शिलाई मशीन, काहीही मेकॅनिककडे गेलेलं मला आठवत नाही. मग या माणसानं एक प्लॅस्टिकची टाकी चार महिने का उघडली नाही?

विचारलं. उत्तर असं की, "बसवणारा पोऱ्या म्हणे, उघडलं तं गॅरंटी जाईल. अन् तू एवढे पैसे घातले."

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

मग नानांनीच सांगितलं की रेल्वे क्वार्टरमधल्या जुन्या बिडाच्या टाक्यांना खाली सीलच नसायचं. साखळी ओढून सोडली की आतली लोखंडी घंटा पाण्याला उभ्या नळीच्या काठावरून ढकलायची, आणि एकदा धार लागली की सायफननं टाकी आपोआप रिकामी व्हायची. पाणी अडवायला रबर नाही, फक्त नळीची उंची. गळणार कुठून? इंग्लंडात तर नियमानंच अशा सायफनच्या टाक्या वापराव्या लागत, कारण सीलवाल्या टाक्या गळतात हे त्यांना माहीत होतं. १९९९ च्या नियमांनी ती अट काढली आणि २००१ पासून बटणवाल्या टाक्यांना वाट मोकळी झाली. का? तर जुन्या टाक्या एका दमात भरपूर पाणी ओतायच्या, नवीन टाकी तीन किंवा सहा लिटरमध्ये काम उरकते. सौदा वाईट नाही. फक्त या सौद्यात एक रबराची चकती आली, आणि तिच्यासोबत एक जबाबदारी आली. जाहिरातीत चकतीबद्दल चकार शब्द नसतो.

रबर कशानं जातं? आमच्याकडे मुख्यतः क्षारानं. बोअरचं पाणी मिसळलं की सीलच्या कडेवर पांढरा खडबडीत थर चढतो, आणि मग ते नीट बसत नाही. काही लोक टाकीत निळ्या नाहीतर ब्लीचच्या वड्या टाकतात. त्यातल्या क्लोरीननं रबर आणखी लवकर कडक होतं. (आमच्या आईनं टाकली होती. तिला बोलणारा मी कोण, पुण्यात मीही टाकतो.)

आम्ही दोघांनी मिळून काम केलं. कॉक बंद, टाकी रिकामी. बटण उचकटलं, झाकण निघालं. मधला व्हॉल्व्ह पाव फेरा उलटा फिरवला की वर निघतो. त्याच्या बुडाला ती चकती: कडक, पिवळट, एका बाजूला चिरलेली. ज्या काठावर ती बसते तिथला क्षार नानांनी लिंबाच्या फोडीनं घासून काढला. काम वीस मिनिटांचं.

दुकानात मात्र दोन तास गेले. पहिल्या सॅनिटरीवाल्यानं सांगितलं, "सुटं नाही मिळत, पूर्ण सेट घ्या, साडेआठशे." दुसऱ्यानं तेच. तिसरा जुना हार्डवेअरवाला. त्यानं एक डबा काढला, आमची चकती शेजारी ठेवून एकेक जुळवून पाहिली आणि म्हणाला, चाळीस रुपये.

साडेआठशे आणि चाळीस यांच्यामधे जे आहे, त्याबद्दल मला बोलायचंय. आपण शहरात राहणारी मुलं आईवडिलांसाठी वस्तू पाठवतो. कमोड, वॉटर प्युरिफायर, इन्व्हर्टर, स्मार्ट टीव्ही. भावना चांगलीच असते. पण वस्तूबरोबर ती उघडायची कशी हे आपण पाठवत नाही. उलट 'हात लावू नका, मी माणूस पाठवतो' असं सांगतो. ज्या माणसानं घरातली प्रत्येक वस्तू स्वतः दुरुस्त केली, त्याला आपण त्याच्याच घरात पाहुणा करून टाकतो. मग तो तक्रार करत नाही. तो बादली उचलतो.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसांना हे तांत्रिक काम कुठे झेपणार? जळगाव जिल्ह्यातच बघा ना. भवरलाल जैन यांनी १९८० च्या दशकात इथे ठिबक आणलं. आज केळीचा शेतकरी, शाळा कितीही शिकलेला असो, फिल्टर धुतो, नळीचं टोक उघडून गाळ सोडतो, क्षार चढला की आम्ल सोडतो. त्याला ते झेपतं, कारण ठिबकच्या नळ्या त्याच्यापासून कुणी लपवल्या नाहीत आणि शिकवणारं कुणीतरी बांधावर आलं होतं. पाण्याच्या थेंबाचा इतका विचार करणाऱ्या या मुलखात, गुळगुळीत झाकणाखाली रोज ८६ लिटर जातात आणि ते उघडायला माणूस घाबरतो, हा दोष वयाचा नाही.

केंद्र सरकारनं २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या असे विषय तिच्यापुढे होते. चांगलंच आहे. पण त्याची वाट न बघता आपल्याला तीन गोष्टी करता येतात. विकत घेतानाच विचारायचं, याचं सील सुटं मिळतं का? मिळत नसेल तर दुसरी वस्तू घ्यायची. बसवणाऱ्याला सांगायचं, घरच्यांसमोर एकदा उघडून दाखव. आणि दोन सुटी सीलं घरात आणून ठेवायची. आम्ही सॉफ्टवेअरवाले डॉक्युमेंटेशन लिहायला कंटाळतो. त्याची किंमत कुणाच्या गुडघ्यांनी मोजली जाते ते मी यावेळी पाहिलं.

संध्याकाळी पुन्हा हळदीची परीक्षा घेतली. अर्धा तास भांडं पांढरंशुभ्र. आईनं निळी बादली उचलून अंगणात तुळशीपाशी नेऊन ठेवली.

ता.क. - निघायच्या आधी टाकीचं झाकण सहज उचलून पाहिलं. आतल्या बाजूला मार्करनं नानांच्या अक्षरात सील बदलल्याची तारीख, आणि खाली पुढच्या तपासणीचा महिना. शेडमध्ये लिहायचे तसाच. गॅरंटीचं मी काही बोललो नाही.