पन्नाशीतली सिस्टर आणि साठीची पेन्शन

दिवाळी जवळ आली की दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात फटाक्यांनी भाजलेल्यांसाठी खाटा राखून ठेवतात, जादा ड्यूट्या लागतात. भाजलेल्या रुग्णाचं ड्रेसिंग बदलायचं तर वाकून बराच वेळ उभं राहावं लागतं. चादर बदलताना रुग्णाला कुशीवर वळवावं लागतं, आणि त्याचं कण्हणं ऐकत हात हलका ठेवावा लागतो. पंचविशीत हे निभतं. पन्नाशीत कंबर आणि गुडघे साथ सोडतात, नाइट झेपत नाही.

मग सिस्टर नोकरी सोडत का नाही? पेन्शनमुळे.

1 जानेवारी 2004 पूर्वी केंद्राच्या सेवेत लागलेली सिस्टर वीस वर्षांनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडू शकते. मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन लगेच सुरू होते, वर महागाईची भर. तिच्यानंतर वर्षभराने लागलेली मैत्रीण त्याच वॉर्डात तेच काम करते, पण तिच्या वाट्याला राष्ट्रीय पेन्शन योजना (एनपीएस) आली. 1 एप्रिल 2025 पासून एकीकृत पेन्शन योजनेचा (यूपीएस) पर्याय आला. त्यात 25 वर्षांच्या सेवेला निम्म्या मूळ पगाराची हमी आहे. वीस वर्षांनी स्वेच्छानिवृत्तीही घेता येते, रक्कम त्या प्रमाणात कमी होते; पण ती सुरू होते निवृत्तीचं वय गाठल्यावरच. 2005 साली पंचविसाव्या वर्षी रुजू झालेल्या सिस्टरने 2025 मध्ये सेवा सोडली, तर तिचे 40 टक्के सुरू होतील 2040 साली. मधली पंधरा वर्षं तिने कशावर काढायची?

तिजोरीवरचा भार खरा आहे, हे मान्य. तरीही ही अट वॉर्डातल्या कामाला लावणं मला अन्यायाचं वाटतं. टेबलावरची नोकरी साठीपर्यंत रेटता येते, रुग्ण उचलण्याची नाही. थकलेली सिस्टर नाइलाजाने ड्यूटीवर राहिली की त्याची किंमत रुग्णही मोजतो. मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रात जुन्या पेन्शनसाठी संप झाला, तेव्हा सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिकाही त्यात उतरल्या होत्या, त्या उगाच नव्हे. रुग्णसेवेत वीस वर्षं घालवलेल्यांना सेवा सोडल्या दिवसापासून पेन्शन मिळालीच पाहिजे.

तोवर एक विनंती. एनपीएस की यूपीएस, हे ठरवायची मुदत 30 नोव्हेंबर 2025 पर्यंत होती. एनपीएसमध्ये वीस वर्षांनी रीतसर स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर 60 टक्क्यांपर्यंत रक्कम तेव्हाच हाती येते आणि उरलेल्या पैशांतून दरमहा उत्पन्न सुरू होतं. हमी मात्र नसते. तुमच्या घरात कुणी सिस्टर, टेक्निशियन किंवा फार्मासिस्ट केंद्राच्या सेवेत असेल आणि साठीपूर्वी सोडायचं तिच्या मनात असेल, तर स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करण्याआधी पेन्शन कधी सुरू होते ते कलम तिला वाचायला लावा.